मोटारसायकलचा दिवा : बल्ब बदलण्यापूर्वीं व बदलतांना

शेतकीच्या मासिकांत मोटारसायकलच्या दिव्यावर लेख कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, हल्लीं मोटारसायकल हें शेतकऱ्याच्या दावणीचें एक जनावरच झालें आहे, आणि दावणीच्या जनावराचे डोळे अधू झाले तर धनी स्वस्थ बसत नाहीं. अनेक गांवीं शेतीपंपांस थ्री फेज वीज अद्याप पाळीपाळीनें रात्रींची मिळते. ती येतांच दारें धरण्यासाठीं मळ्याकडे निघावें लागतें. दुधाचे कॅन डेअरीवर पोंचवावयाचे ते उजाडण्यापूर्वीं. उसाच्या हंगामांत तर कारखान्याच्या वाटेवर रात्रभर बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या चालतात, आणि त्यांतील कित्येकांच्या पाठीमागें ना दिवा, ना चमकणारी पट्टी. उसानें भरलेली अशी ट्रॉली अंधारांत रस्त्यावर उभी असली म्हणजे ती काळी भिंतच होय.

थोडा हिशेब करून पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर कापते. पुढचा अडथळा दिसून ब्रेक दाबला जाण्यास एक सेकंद धरला, व तेथून पुढें कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी २८ मीटर धरले, तर एकूण ४५ मीटर झाले. ओल्या रस्त्यास याहून अधिक लागतील. दिव्याचा उपयोगी उजेड ३० मीटरांवरच संपत असेल तर उरलेले १५ मीटर देवाच्या हवालीं. यास्तव हा विषय आम्हीं येथें घेतला आहे.

उजेड कमी पडूं लागला कीं आपले लोक प्रथम तालुक्याच्या दुकानीं जाऊन मोठा बल्ब मागतात. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचत नाहीं म्हणून कोणी शहाणा शेतकरी लागलीच नवी विहीर खणीत नाहीं. पाट कोठें फुटला आहे, उंदरांनीं बीळ कोठें पाडलें आहे, हें तो आधीं पाहतो. गाडींतील विजेचेंही असेंच आहे. बॅटरीपाशीं पुरेशी असलेली वीज बल्बापर्यंत जातां जातां वाटेंत झिरपून जाते, आणि दोष मात्र बल्बाच्या माथीं येतो.

तारेच्या बल्बाचा एक स्वभाव येथें ध्यानांत ठेवावा. त्यास मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, दहा टक्क्यांनीं उतरला तर उजेड दहा टक्क्यांनीं नव्हे, जवळजवळ तीस टक्क्यांनीं उतरतो. १२ व्होल्टांच्या गाडींत सव्वा व्होल्ट वाटेंत हरवला कीं तिसरा हिस्सा उजेड गेला असें समजावें. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत वसुलाच्या बेरजा पडताळण्यांत गेली. परंतु एवढ्याशा तुटीनें एवढी मोठी खोट आल्याचें आम्हीं कोणत्याही जमाबंदींत पाहिलें नाहीं.

ही तूट शोधणें अवघड नाहीं. पंपाच्या मोटारीसाठीं पुष्कळ घरीं मल्टिमीटर असतोच. इंजिन चालूं ठेवून व दिवा लावून प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजावे, आणि लगेच बल्बाच्या मागील प्लगांत काड्या घालून तेथील मोजावे. दोहोंमध्यें अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक निघाला तर पाट फुटला आहे. फुटण्याच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात: अप्पर-डिप्परचें बटण, चावीचा स्विच, हेडलाइटच्या आंतील प्लग, आणि सर्वांत अधिक करून अर्थिंगची वायर जेथें सांगाड्यास स्क्रूनें बसविलेली असते ती जागा. शेतकऱ्याच्या गाडीवर युरियाच्या व मिश्र खतांच्या गोण्या जातात. खताची धूळ दमट हवेंत पाझरते, व तिच्यांतील क्षार तांबें-पितळ खातात. सांध्यांवर हिरवट बुरशीसारखा जो थर दिसतो तो हाच. बारीक पॉलिश कागदानें सांधे घासून, अर्थिंगचा स्क्रू काढून त्याखालील गंज व रंग खरवडून पुन्हां आवळला, आणि वर किंचित ग्रीस अगर पेट्रोलियम जेली लावली कीं अनेक गाड्यांचा दिवा जुन्याच बल्बावर उजळतो. खर्च कांहींच नाहीं म्हटलें तरी चालेल.

वरील मोजणी बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यास लागू आहे. शंभर ते सवाशें सी. सी. च्या कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइटला वीज बॅटरीकडून येत नसून मॅग्नेटच्या कॉइलकडून थेट येते. ओळखण्याची खूण सोपी आहे. गाडी उभी करून इंजिन मंद चालूं द्यावें व मग रेस करावें. उजेड मंद असतांना मिणमिणता व रेस करतांच लख्ख होत असेल तर दिवा कॉइलवरचा, आणि जवळजवळ सारखाच राहत असेल तर बॅटरीवरचा. ही खूण प्रत्येकानें आपल्या गाडीपुरती पाहून ठेवावी. पुढें बल्ब वाढविण्याचा प्रश्न येईल तेव्हां तिची गरज पडणार आहे.

आतां बल्बाकडे वळूं. आरंभींच्या मोटारसायकलींवर कार्बाइडचे दिवे असत. डब्यांतील खड्यांवर पाणी ठिबकवून निघणारा वायु पेटवावा लागे. पुढें साधा तारेचा बल्ब आला, व त्यानंतर हॅलोजन. मोटारींत हॅलोजन बल्ब युरोपांत १९६२ सालीं आला, आणि अप्पर व डिप्पर या दोन्ही तारा एकाच बल्बांत असलेला एच-४ हा नमुना १९७१ सालचा. बुलेटसारख्या पुष्कळ मोठ्या गाड्यांत हा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. स्प्लेंडरसारख्या हॅलोजन दिव्याच्या लहान गाड्यांत एचएस-१ या नमुन्याचा ३५/३५ वॅटचा असतो. दोहोंच्या बैठकीस तीन पंख असतात. परंतु त्यांची ठेवण निराळी असल्यामुळें एकाच्या जागीं दुसरा सरळ बसत नाहीं. पंख कानसीनें घासून बसवून देणारे मेकॅनिक आढळतात, त्यांस हात जोडावे. पंखांच्या आधारानेंच बल्बाची तार रिफ्लेक्टरच्या नेमक्या बिंदूवर येते. ती दोन मिलिमीटर जरी सरकली तरी झोत विस्कटतो. बल्बाच्या बैठकीवर वर्तुळांत ई हें रोमन अक्षर व एक आंकडा कोरलेला असेल तर तो युरोपांतील ठरीव नियमांस उतरलेला समजावा.

बदलतांना चावी काढावी व बल्ब निवूं द्यावा. जळता हॅलोजन बोट भाजण्याइतकाच नव्हे, तर कातडी सोलण्याइतका तापतो. हेडलाइटच्या कड्याचे स्क्रू ढिले करून दिवा पुढें घ्यावा, मागचा प्लग वायर न ओढतां प्लगास धरून काढावा, मग रबरी टोपी व शेवटीं तारेची क्लिप. नवा बल्ब धातूच्या बैठकीस धरूनच उचलावा. काचेस उघडें बोट लावूं नये. ही काच साधी नसून क्वार्ट्झची असते. बोटाचा घाम व तेलकटपणा तिजवर राहिला तर तापल्यावर त्या जागीं ती पांढरी पडते व बल्ब लवकर जातो. चुकून लागलेंच तर स्पिरिटाच्या स्वच्छ फडक्यानें पुसून वाळूं द्यावें. रबरी टोपी नीट दाबून बसवावी व तिजवर वरच्या बाजूची खूण असल्यास ती वरच ठेवावी, नाहीं तर पहिल्याच पावसांत दिव्यांत पाणी शिरतें. रिफ्लेक्टरची चकाकी मात्र कापडानें पुसूं नये. तो आरशासारखा पातळ मुलामा असतो, धूळ फुंकून काढणें एवढेंच त्यास सोसतें.

बल्ब वरचेवर जात असतील तर बल्बांस दोष देण्याआधीं बॅटरीवर व्होल्ट मोजावे. इंजिन बंद असतां भरलेल्या बॅटरीवर साडेबाराच्या वर, व चालूं असतां साधारण साडेतेरा ते साडेचौदा असावेत. पंधराच्या वर जात असतील तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तो बदलेपर्यंत कोणताही बल्ब टिकणार नाहीं. कारण दाब पांच टक्के वाढला तर तारेच्या बल्बाचें आयुष्य निम्म्यावर येतें. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांत नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो व बंद करतां येत नाहीं. दिवसा जळणारे तास बल्बाच्या आयुष्यांतूनच वजा होतात. तेव्हां पूर्वींच्या गाडीपेक्षां नव्या गाडीचा बल्ब लवकर जावा यांत नवल नाहीं.

बल्ब बसविल्यावर झोत लावण्याचें काम बहुतेक लोक करीतच नाहींत, आणि आमच्या मतें सर्व लेखांत हीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरांवर गाडी उभी करावी, चाकांत हवा बरोबर असावी, व चालवणाऱ्यानें गाडीवर बसावें. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनें तितक्याच उंचीवर रेघ मारावी. डिप्पर लावला असतां उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारें १२ सेंटिमीटर खालीं यावी. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर असेल तर अशा झोताची कड ७५ मीटरांवर जमिनीस टेंकते, म्हणजे वर काढलेल्या ४५ मीटरांस पुरून उरते. कड रेघेखालीं ३० सेंटिमीटर उतरली असेल तर उजेड ३० मीटरांवरच संपला. कित्येक गाड्यांचा "कमी उजेड" निव्वळ एवढाच असतो, व तो एका स्क्रूनें दुरुस्त होतो.

यांत शेतकऱ्यास एक खोंच आहे. मागें पन्नास किलोची गोणी अगर दोन्ही बाजूंस दुधाचे भरलेले कॅन बांधले कीं मागचे शॉकॲब्झॉर्बर दबतात, पुढा उचलला जातो व झोत आकाशाकडे जातो. स्वतःस रस्ता दिसत नाहीं आणि समोरचा आंधळा होतो. ज्यांची गाडी रोज ओझ्यानेंच धांवते त्यांनीं झोत ओझें बांधूनच लावावा. ज्यांचें ओझें कधींमधीं असतें त्यांनीं मागच्या शॉकॲब्झॉर्बरच्या स्प्रिंगचा खांचा ओझ्याच्या दिवशीं एक-दोन घरें वाढवावा. पुष्कळ गाड्यांस ती सोय असते.

एवढें सारें करूनही उजेड अपुरा वाटला, तरच बल्ब वाढविण्याचा विचार करावा. बाजारांत शंभर-नव्वदचा बल्ब मिळतो. त्याचा हिशेब असा: वॅटांस व्होल्टांनीं भागिलें म्हणजे वायरींतून जाणारे अँपिअर निघतात. ३५ वॅटांस सुमारें तीन, ६० वॅटांस पांच, आणि १०० वॅटांस आठाहून अधिक. तीन अँपिअरसाठीं ओवलेल्या वायरींतून व बटणांतून आठ अँपिअर नेणें म्हणजे दंडाच्या नाळींतून कालव्याचें पाणी सोडणें होय. आमच्या भाच्याच्या गाडीस एका दुकानदारानें "कांहीं होत नाहीं" असें सांगून हा बल्ब बसवून दिला. पंधरा दिवसांत प्लगाचें प्लॅस्टिक वितळून वायरी एकमेकींस चिकटल्या, रिफ्लेक्टर काळवंडला, आणि भाचा कारखान्याच्या रस्त्यावर मध्यरात्रीं संपूर्ण अंधारांत गाडी ढकलीत आला. दुकानदारानें नंतर गाडीच्या वायरिंगलाच दोष दिला. कॉइलवरच्या दिव्यास तर मोठा बल्ब लावणें निव्वळ व्यर्थ आहे. कॉइल द्यावयाची तेवढीच वीज देणार. मोठ्या बल्बानें तिच्यावर भार पडून दाब कोसळतो, व मंद वेगांत उजेड आधींपेक्षांही कमी पडतो.

बॅटरीवरच्या दिव्यास एक चांगला उपाय आहे, तो रिलेचा. यांत बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर, बॅटरीजवळच योग्य फ्यूज घालून, थेट न्यावयाची, आणि जुन्या बारीक वायरीनें व बटणानें केवळ रिले उघडावयाचा व मिटावयाचा. अप्परला एक व डिप्परला एक असे दोन रिले लागतात. या योगें कंपनीनें ठरविलेल्या वॅटांच्याच बल्बास पूर्ण दाब मिळतो. आमचें मत विचाराल तर ६०/५५ वर रिले बसविलेली गाडी शंभर-नव्वदच्या कोंदट गाडीपेक्षां रस्ता चांगला दाखविते, आणि दुसऱ्या दिवशींही दाखविते.

राहिला एलईडीचा प्रश्न, जो हल्लीं प्रत्येक तरुण विचारतो. निळा प्रकाश देणारा एलईडी जपानांत शोधणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या कणावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन त्याचा पांढरा उजेड करतात. थोड्या वॅटांत पुष्कळ उजेड, ही त्याची थोरवी आम्हांस मान्य आहे. ज्या नव्या गाड्यांस कंपनीनेंच एलईडीचा हेडलाइट दिला आहे त्यांची गोष्ट निराळी. तेथें भिंगें व आरसे त्या कणांच्या मापानेंच घडविलेले असतात (आणि बिघडल्यास बहुधा संपूर्ण दिवाच बदलावा लागतो, हेंही विसरूं नये). आमचा आक्षेप आहे तो हॅलोजनसाठीं घडविलेल्या रिफ्लेक्टरांत दीड-दोनशें रुपयांचा एलईडी खुपसण्यावर. एच-४ च्या डिप्परच्या तारेखालीं धातूची लहानशी वाटी असते; तिच्यामुळें प्रकाश आरशाच्या वरच्याच अर्ध्या भागावर पडून खालीं रस्त्यावर वळतो. स्वस्त एलईडींत कण तारेच्या जागीं नसतात व वाटीही नीट नसते. परिणामीं उजेड चोहोंकडे फांकतो. गाडीपुढील दहा मीटर दूध सांडल्यासारखे पांढरेशुभ्र दिसतात, चालवणारा खूष होतो, आणि त्याच शुभ्रतेनें डोळा दिपून पन्नास मीटरांवरील काळी ट्रॉली त्यास दिसेनाशी होते. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचे व बैलांचे हाल तर विचारूंच नयेत.

कायदाही येथें मुका नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ व्या नियमाचा आशय असा कीं, पुढील दिव्याचा झोत कायमचा खालीं वळलेला असावा, व ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे अशा मनुष्यास त्यानें दिपवूं नये. सायकलवर बसलेल्या मनुष्याचा डोळा जवळपास याच उंचीवर येतो. जर्मनींत २०२० सालापासून हॅलोजनच्या जागीं घालावयाचे कांहीं एलईडी बल्ब मंजूर झाले. पण तेही ठराविक बल्ब ठराविक नमुन्याच्या गाडींतच, प्रत्येक दिव्यांत पडताळून पाहिल्यावर. कोणाही बल्बास सरसकट परवाना तेथेंही नाहीं.

तरीही ज्यास एलईडी लावावयाचाच आहे त्यानें तीन गोष्टी पाहाव्या. दिवा कॉइलवरचा नसावा, कारण तेथें एलईडी थरथरतो व बहुधा लवकर जळतो. कण हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागीं व तेवढ्याच लांबीचे असावेत. दोन्ही बल्ब शेजारीं धरले कीं तें डोळ्यांनीं कळतें. आणि भिंतीवरील परीक्षेंत डिप्परची वरची कड हॅलोजनइतकी स्पष्ट दिसावी; कड न दिसतां ढग दिसला तर बल्ब दुकानदारास परत करावा.

मागच्या दिव्याकडे मात्र एलईडी पुष्कळदा उपयोगी पडतो, कारण तेथें झोताची अडचण नाहीं व गाडीच्या धक्क्यांनीं तार तुटण्याची भीति नाहीं. लाल काचेमागें लालच एलईडी घ्यावा. पांढरा घेतल्यास ब्रेक लाइट फिका गुलाबी दिसतो. मागच्या दोन तारांच्या बल्बाच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखालीं केलेल्या असतात, म्हणजे साधा उजेड व ब्रेकचा उजेड यांची अदलाबदल होऊं नये. बल्ब जात नाहीं म्हणून जोर लावूं नये, फिरवून पाहावा. इंडिकेटरांत एलईडी घातले व ते भराभर लुकलुकूं लागले तर फ्लॅशर एलईडीसाठींचा घ्यावा लागतो. मिनिटास ६० ते १२० हा मिचकण्याचा ठरलेला वेग आहे. डावा लावतांच चारही लुकलुकूं लागले तर मीटरांतील एकाच खुणेच्या बल्बामधून वीज पलीकडच्या बाजूस जात आहे असें समजावें; तें वायरिंगवाल्याचें काम आहे.

शेवटीं एक लहानशी सूचना. हेडलाइटचा एक व मागचा एक असे दोन जादा बल्ब गाडींत असूं द्यावे. टूलबॉक्समध्यें पान्ह्यांबरोबर मोकळे टाकल्यास ते वापरण्यापूर्वींच धक्क्यांनीं तुटतात. फोमच्या तुकड्यांत गुंडाळून लहान प्लॅस्टिकच्या डबींत घालावे, व डबी सीटखालीं दोरीनें बांधावी. त्याच डबींत एक फ्यूज व स्वच्छ फडक्याचा तुकडा मावतो.